डावा कान

कुंडलिक कांबळे विम्याचे एजंट. "लोकांचं ऐकून घेणं हाच आपला धंदा," असं ते घाटकोपरभर सांगत फिरायचे. ते खोटंही नव्हतं. कुठल्या गिऱ्हाइकाच्या आईची साखर किती, कोणाच्या मुलीचं लग्न कुठे अडलंय, सगळं त्यांना तोंडपाठ. घरात मात्र बायकोच्या कुठल्याही बोलण्याला एकच उत्तर, "हं." नंदा पंचवीस वर्षं या पालथ्या घड्यावर पाणी ओतत होती.

गेल्या महिन्यात एका सकाळी तिला डाव्या कानाने ऐकू येईनासं झालं. तिने लगेच सांगितलं. कुंडलिक मोबाइलमधून मान न उचलता म्हणाले, "हं, घेऊन ये." काय घेऊन ये, ते त्यांनाच ठाऊक. दुसऱ्यांदा म्हणाले, "पाणी गेलं असेल." तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, "रविवारी बघू." असे चार रविवार गेले. एकटीने जावं, तर डॉक्टर काय सांगेल या भीतीने तिचा पाय उचलत नव्हता. शेवटी तिला हाका मारून मारून त्यांचाच घसा बसला, तेव्हा कुठे स्वारी दवाखान्यात निघाली.

"काय त्रास होतोय?" डॉक्टर क्षमाने नंदाला विचारलं. नंदाने तोंड उघडलं आणि कुंडलिक सुरू झाले.

"चार-पाच दिवस झाले, डॉक्टर. उजवा कान. आणि खरं सांगू? हिचं लक्षच नसतं."

डॉक्टरने उजवा कान नीट पाहिला. "हा तर चांगला आहे."

"बघा! मी म्हटलं नव्हतं?"

नंदाचं डोकंच फिरलं. "डावा!" ती एवढ्या जोरात ओरडली की बाहेरचे पेशंट डोकावू लागले. "डावा कान आहे! महिना झाला. चार वेळा सांगितलं यांना, चार वेळा! डॉक्टर, माझ्याआधी यांचे कान तपासा ना!"

डॉक्टर हसली नाही. तिने डावा कान तपासला, मशीन लावून पाहिलं. मग म्हणाली, "नस कमजोर झालीय. पहिल्या आठवड्यात आला असतात तर औषधाचा जास्त उपयोग झाला असता. आता गोळ्या सुरू करू, पण किती ऐकू येऊ लागेल, सांगता येत नाही."

कुंडलिकांनी हातातला मोबाइल खिशात घातला.

बाहेर रिक्षा थांबली. नंदा सवयीने आधी चढू लागली. "थांब," म्हणत कुंडलिक आधी आत शिरले, पलीकडे सरकले. आता तिचा चांगला कान त्यांच्या बाजूला आला.

"पहिल्यापासून सांग."

"पाचव्यांदा?"

"पाचव्यांदा."

रागाने धुमसतच तिने सांगितलं. एकदा मध्येच ते "तेव्हा मी तर—" म्हणाले. तिने डोळे वटारले. त्यांनी तोंड मिटलं.

घर जवळ आलं तेव्हा ते हळूच म्हणाले, "शुक्रवार होता. कुकरची शिटी शेजारच्या घरातून आल्यासारखी वाटली. मग आपल्या शीतलचा फोन आला, तू डाव्या कानाला लावलास, तुला वाटलं पोरीने फोन कट केला. तू घाबरलीस. आणि डॉक्टरकडे एकटीला जायचं धाडस झालं नाही."

एक अक्षर चुकलं नव्हतं. नंदाला बरं वाटलं, आणि त्यानेच तिचा संताप दुप्पट झाला.

"म्हणजे ऐकता येतं तुम्हाला!" ती म्हणाली. "मग महिनाभर काय धाड भरली होती?"