पहिला बहार

लोक म्हणतात, कलाबाईची जीभ लई तिखट. असू दे तिखट! ज्याचं जळते त्यालेच कळते.

बोरगावची तीन एकर संत्र्याची बाग माह्या बापानं मले दिली होती. भावाईले नाई, मले. माह्या नावावर या जगात तेवढंच होतं. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील. माहा दीर मुकुंद सौसरले मास्तर. तो एक दिवस नागपूरच्या कंपनीचा माणूस घरी घेऊन आला. त्या माणसानं गॅसबत्तीची जाळी काढून दाखवली. म्हणे, ही जाळी ज्या मातीमुळं उजळते ती माती जगात फार कमी ठिकाणी सापडते, अमेरिका तिच्यामागं लागली हाय, अन् ती मोहगावच्या पलीकडच्या टेकडीत भरली हाय. शेअर घ्या, पण धीर धरा.

धीर म्हटल्याबरोबर आमच्या मालकाचा चेहरा फुलला. जातीचा संत्रेवाला माणूस. कलम लावायचं अन् पाच-सहा वर्षं त्याच्या तोंडाकडं पाहत बसायचं, हेच जन्मभर केलेलं. मले म्हणाले, "कला, तुही बाग म्हातारी झाली. आता नातवाईले पुरन असं झाड लावू."

"बाग म्हातारी झाली का तुमची अक्कल?" मी म्हटलं. लई भांडली. पण शेवटी अंगठा दिला. बाग गावातल्याच भिवाजीनं घेतली, अन् त्या पैशाचे शेअर आले. मुकुंदानंही बायकोच्या पाटल्या मोडून शेअर घेतले.

मंग कुठं तरी लढाई पेटली म्हणे, अन् शेअरचा भाव तिप्पट झाला. त्याच टायमाले भिवाजीले पोराकडं अमरावतीले राहाले जायचं होतं. तो स्वतः दारात येऊन म्हणे, "कलाबाई, घेता का तुमची बाग परत?" मी मालकाच्या पाया पडली. "विका ते शेअर. माही बाग आणून द्या. मले दुसरं काई नको."

तर हे म्हणतात, "पहिला बहार कोणी खात असते का?"

आमच्याकडं नव्या झाडाले पहिल्यांदा फळं धरली का बोरायेवढी असतानाच झाडून टाकतात. मंग झाड जोर धरते. त्या फळाचा मोह केला तर झाड जन्मभर खुरटं राहते. संत्र्याचं हे खरंच हाय, मी कुठं नाई म्हणते? पण बापा, शेअर काय झाड हाय? मुकुंदानंही सांगून पाहिलं, "दादा, मी विकून राहिलो, तुमी पण विका." हे त्याले हसले. "तू मास्तर, तुले बागेतलं काय समजते?"

मुकुंद विकून मोकळा झाला, अन् त्या पैशात भिवाजीजवळून बाग त्यानंच घेतली. आमाले विचारून घेतली. त्याले शिव्या द्यायलेही त्यानं जागा ठेवली नाई, याचाच मले जास्त राग येते.

टेकडीतून निघाला निव्वळ मुरूम. तेवढ्यात राज्यं वाटली. नागपूर तिकडं मुंबई राज्यात गेलं, आमी इकडं मध्यप्रदेशात राहिलो. कंपनीच्या दाराले कुलूप. नागपूरले विचारलं तर म्हणे, खाण तुमच्याकडं, तिकडं पाहा. इकडं विचारलं तर म्हणे, कंपनी तिकडची. अन् आमचे मालक? फुलं यावी म्हणून बागेचं पाणी तोडून झाडाले ताण देतात ना, तशी म्हणे कंपनी ताणावर हाय!

आता हे मुकुंदाच्या बागेची राखण करतात. त्याले बागेतला जाणकार माणूस पाहिजे होता, अन् आमच्या घरी चूल पेटायले पाहिजे होती. मी भाकर घेऊन जाते, फाटकाशी ठेवते, परत येते. परवा मुकुंदाची बायको जयश्री धावत आली. पोरगी मनानं वाईट नाई. म्हणे, "जाऊबाई, बाहेर कायले उभ्या? आत या ना. आपलीच बाग समजा."

समजा! माह्या बापानं मले समजाले नवती दिली, देऊन टाकली होती.

"भाकर थंडी होऊन राहिली, त्यायले दे," मी म्हटलं, अन् फाटक माह्या हातानं लावून घेतलं.