राहतं घर

मागच्या दारातून बाहेर पडताना रंगूबाईने पाय उंच उचलून फक्कीची पांढरी रेषा ओलांडली. रेषा पायरीपासून जेमतेम दोन हातांवर होती. तिथून ती सरळ बांधाकडे गेली होती, वळली होती आणि नव्या गोठ्याचा चौकोन पुरा करून परत आली होती. चौकोनाच्या पलीकडच्या टोकाला तिचा नवरा विश्राम फिनाइल शिंपडत होता. तिथे म्हैस नव्हती, शेण नव्हतं, नुसतं वाळकं गवत होतं.

"अवो, म्हशी तं तिकडं बहिणीकडं हायेत. वास कसला घालवता?"

"त्या टॉवरवाल्या बाईचं नाक लांब हाय," विश्राम म्हणाला. "त्यांचं गटार तुंबलं तरी अर्ज माझ्या नावानं जातो."

जुना गोठा दिवाळीआधी रस्त्याच्या रुंदीकरणात गेला. तेव्हापासून चांदीसकट चारी म्हशी मलंगगडाच्या अंगाला, विश्रामच्या बहिणीच्या दारात होत्या. आखितीच्या आत, अक्षय्य तृतीयेआधी न्या, असा मेहुण्याचा निरोप आला होता. नाही तर कल्याणचा तबेलेवाला विकत घ्यायला तयारच होता. नव्या गोठ्याला परवानगी हवी होती. पहिला नकाशा शेजारच्या टॉवरच्या सोसायटीच्या भिंतीजवळचा होता. सोसायटीने हरकत घेतली आणि तो परत आला. मग विश्रामने गोठा कागदावर सरकवत सरकवत आपल्या घराच्या पाठीशी आणला. आता कोण काय बोलणार, असं तो त्या रात्री जेवताना म्हणाला होता. रंगूबाई भाकरी वाढत होती. 

जीप आली. ठाण्याच्या कचेरीतले प्रभाकर साहेब उतरले, मागून टेप घेतलेला शिपाई. सोसायटीच्या फाटकातून प्रमोदिनीताई आल्या. त्या निवृत्त शिक्षिका, आता कमिटीच्या अध्यक्ष. त्यांच्यासोबत कमिटीतला अद्वय होता, हातात मोबाइल धरून.

"काका, आमचं तुमच्याशी वैर नाही हं," प्रमोदिनीताई म्हणाल्या. "पण डास, माश्या... पावसाळ्यात आम्हाला खिडक्या उघडता येत नव्हत्या."

"दूध नेताना तं वास येत नव्हता, ताई."

"दूध चांगलंच होतं. मी कधी नाही म्हटलं?"

"काका, आता दूध ॲपवरून येतं," अद्वय हसून म्हणाला. "त्यात गोठा दिसत नाही."

"म्हैस तरी दिसते का रे त्यात?" विश्रामने विचारलं. शिपायाला हसू फुटलं. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा तो टेप उलगडू लागला.

चौकोनाच्या कडेपासून सोसायटीच्या पहिल्या इमारतीपर्यंत टेप गेली. साहेबांनी आकडा दोनदा पाहिला.

"अंतर पुरेसं आहे. या बाजूने अडचण नाही."

प्रमोदिनीताईंनी हातातला हरकतीचा अर्ज घडी करून पर्समध्ये ठेवला. विश्रामने गळ्यातल्या टॉवेलने तोंड पुसलं. पुसून झालं तरी टॉवेल तोंडावर तसाच थोडा वेळ धरून ठेवला.

रंगूबाई चहा घेऊन आली. ताटात ग्लास वाफाळत होते. तिने ते उघड्या बोटांनी धरून एकेकाला दिले. अद्वयने ग्लास घेतला आणि पटकन रुमालात धरला.

"मावशी, भाजत नाही तुम्हाला?"

"नाय," ती म्हणाली. बोटांना काही समजेनासं होऊन बरेच दिवस झाले होते. धारा काढून काढून होतं असं, डॉक्टर म्हणाला होता.

साहेब घराकडे पाहत होते.

"हे कोणाचं?"

"कोणाचं म्हणजे? माझंच."

"राहतं आहे?"

"साहेब, आताच चहा आला ना आतून!"

"मग यापासूनही अंतर धरावं लागेल. नियमात राहतं घर म्हटलंय. कोणाचं, ते म्हटलेलं नाही."

विश्राम हसला. "म्हणजे मी माझ्याच गोठ्यावर अर्ज करू का काय?"

साहेबही हसले. "तसं नको. घरमालकाने माझ्यासमोर सांगायचं, हरकत नाही. मग सूट देता येते. घर कोणाच्या नावावर?"

"हिच्या. भावांशी वाटणी झाली तेव्हा नंतर भांडण नको म्हणून हिचं नाव लावलं." तो वळला. "सांग गो साहेबांना."

सगळे तिच्याकडे पाहू लागले. रंगूबाईच्या हातात रिकामं ताट होतं. ते तिने पोटाशी धरलं.

"हाय," ती म्हणाली. "हरकत हाय."

"अगो, नाय म्हणायचं. हरकत नाय." विश्राम साहेबांकडे वळला. "तिला समजलं नाय, साहेब."

"समजलं."

प्रमोदिनीताई एक पाऊल पुढे आल्या. "बघा साहेब, घरातल्या बाईलासुद्धा शेवटी..."

"तुमचं नाय, ताई. माझं सांगते मी."

साहेबांनी पेन काढलं. आता ते हसत नव्हते. "कारण लिहावं लागेल, मावशी."

"कारण पण लागतं?"

"लागतं."

तिने मागे पाहिलं. दाराबाहेरच्या पायरीवर ऊन आलं होतं. गोठा गेल्यापासून ती दुपारी तिथे बसायची. काही निवडायची नाही, काही शिवायची नाही. समोर रान असायचं. लग्न होऊन आल्यापासून त्या घरात ती अशी कुठे बसल्याचं तिला आठवत नव्हतं.

"मी तिथं बसते," ती म्हणाली.

साहेबांनी पायरीकडे पाहिलं, विश्रामकडे पाहिलं आणि लिहिलं.  शिपाई टेप गुंडाळू लागला.

जीप गेली. सोसायटीची माणसं फाटकाआड गेली. विश्राम फक्कीच्या चौकोनात तसाच उभा होता. बऱ्याच वेळाने त्याने खिशातून मोबाइल काढला, तबेलेवाल्याचा नंबर शोधला. बोट नंबरावर नेलं आणि थांबला.

रंगूबाईने वाट पाहिली. आपल्याला आता भीती वाटेल, नाही तर रडू येईल, असं तिला वाटलं होतं. काही आलं नाही.

"चांदीला परका हात चालत नाय," ती म्हणाली. "त्याला सांगा, आधी पाठीवरनं हात फिरवायचा. मंगच बसायचं धारेला."