मघाचं पाणी

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या तपकिरी बाटलीची गोष्ट कोण ऐकणार, असं वाटून मी आजवर गप्प राहिले. नीट सांगता येईल का, याची आताही शंकाच आहे.

माझं तारुण्य अंबरनाथच्या एका प्रयोगशाळेत रसायनं सांभाळण्यात गेलं. मग तोंडाचा टवका उडाला आणि मी उल्हासनगरच्या भंगारात जाऊन पडले. तिथून मला शीलाने उचललं. पावसाच्या पाण्यात विरघळलेला कार्बन मोजणं हे तिचं कॉलेजातलं काम. तिने मला भट्टीत असं तापवलं की जुना वाससुद्धा उरला नाही. डोक्यावर काचेचं नरसाळं ठेवून तिने मला मांजर्लीतल्या आपल्या इमारतीच्या गच्चीवर उभं केलं.

पाऊस दिसायला स्वच्छ असतो. पण माझ्यात पडलेले थेंब कुजबुजत. कुणी जळक्या टायरचा असे, कुणी कंपनीच्या चिमणीचा, कुणी लांबच्या रानाचा. पाणी मात्र नितळच. मला फार भीती वाटे.

खालच्या मजल्यावरच्या तुळशीआजींचे यजमान बुधाजी श्रावणात वारले. नदीकाठी चिता पेटली तेव्हा धूर वर जाईना. तो आमच्या गच्चीवर रेंगाळला. मग सर आली. त्या थेंबांत लाकूड होतं, तूप होतं, आणि आणखी काहीतरी होतं. ते मला ओळखायचं नव्हतं.

दोन दिवसांनी पाऊस उघडल्यावर आजी वर आल्या. त्यांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. जुनी माणसं मघा नक्षत्राचं पाणी औषध म्हणून डोळ्यांत घालतात. आजींनी नरसाळं काढलं, मान मागे टाकली आणि मला डोळ्यावर कलती केली. बाटलीला तोंड असतं, आवाज नसतो.

"आजी, थांबा!" शीला जिन्यातून धावत आली. "डॉक्टरांनी साधं पाणीही लावू नका म्हटलंय. डोळा जाईल!"

"साधं कुठलं गो? मघाचं पानी हाय. वरीसभर नासत नाय. तुमच्या कॉलेजात मघा शिकवीत नाय का?"

"आजी, आभाळात धूर असतो. कंपन्यांचा, कचऱ्याचा, लाकडांचा. तो पाण्यात विरघळून खाली येतो. दिसत नाही, एवढंच."

"लाकडांचा?" आजींनी नदीकडे पाहिलं. "परवाचा पन?"

शीलाने मान डोलावली.

आजींनी मला उजेडात धरलं. आत काहीच दिसेना. मग त्यांनी शेजारी ठेवलेलं माझं झाकण घट्ट लावलं, पदराने माझं अंग पुसलं आणि मला शीलाच्या हातात दिलं.

"हलवू नको," त्या हळूच म्हणाल्या. "त्यांना धक्के सोसत नसत."

मित्रांनो, आभाळात सोडलेलं हरवत नाही. काही पेटवण्याआधी क्षणभर थांबत जा.

शीलाने मला अगदी जपून खाली नेलं. तरी जिन्याच्या वळणावर माझ्या आत कुणीतरी खोकलं.