पावणेतीनचं दार

"आई, तू रोज दुपारी पावणेतीनला कुठे जातेस?"

हा प्रश्न विचारून आज नऊ दिवस झाले. तरी दाराच्या चौकटीवरच्या त्या पांढऱ्या तुकड्याकडे भैरवीची नजर गेली की तो तिच्याच आवाजात कानात वाजतो, तसाच टवटवीत, तसाच शेवटी वर चढणारा. तुकडा केवढा, तर खोडरबराएवढा. त्याचा जोडीदार दाराच्या फळीवर. दोघं शेजारी असले की दार बंद. एकमेकांपासून दूर गेले की फोन थरथरतो – मुख्य दार उघडलं. स्टुलावर चढून भैरवीनेच तो चिकटवला होता, जीभ दातांत धरून, अगदी सरळ रेषेत. खाली उतरून टाळीही वाजवली होती स्वतःसाठीच. आणि आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून बघत होती, कणकेचे हात तसेच हवेत धरून. "हे कशाला आता?" एवढंच म्हणाली होती. "अगं, दार उघडं राहिलं तर कळेल ना!" भैरवी म्हणाली. दार कधी उघडं राहिलं होतं? आठवत नाही... राहिलं नव्हतंच बहुतेक.

दहावीचे पेपर बारा दिवसांवर आलेत. क्लास बंद, अभ्यासाची सुट्टी. त्यामुळे घरातली सकाळ कशी असते हे ती पहिल्यांदाच आतून बघते आहे. सात वाजता स्पीकर बाबांना तापमान सांगतो. सव्वासातला गीझर आपोआप बंद होतो – आईची आंघोळ त्यानंतर असते, हे वेळापत्रक लावताना भैरवीच्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि आईने कधी सांगितलं नाही. आठला बाबा बुटीबोरीला कारखान्यात निघतात. ते गेले की सोफ्याखालून ते चपटं गोल यंत्र बाहेर येतं आणि भिंतींना धडका देत झाडू लागतं. त्याचं नाव पारू. नाव भैरवीनेच ठेवलं होतं. पार्वतीबाई नऊ वर्षं या घरी झाडू-पोछा करायची, हे यंत्र आलं आणि बाबा शांतपणे म्हणाले, "आता बाईची गरज नाही, नाही का? अर्धा वेळ तर दोघींच्या गप्पाच असायच्या." त्या संध्याकाळी ॲपने यंत्राचं नाव विचारलं, तिने 'पारू' लिहिलं, बाबा खो-खो हसले. आईसुद्धा हसली होती. हसली होती ना? तेव्हा वाटलं होतं खरं.

जानेवारीत शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेचा विषय होता, 'स्मार्ट उपकरणांमुळे जगणं सोपं झालं का?' आणि ती, जी आठवीपर्यंत हजेरीला 'येस मॅडम' म्हणतानाही लाल व्हायची, ती माइकसमोर उभी राहून हात हलवत बोलली. "माझ्या आईला आता घरात कामच उरलं नाही!" ती म्हणाली आणि सभागृह हसलं, टाळ्या पडल्या. तो टाळ्यांचा आवाज पुढचे कितीतरी दिवस तिच्या अंगात होता... जिना उतरतानासुद्धा ती वेगळी उतरायची. पहिलं बक्षीस मिळालं. बाबांनी तो ढाल घेतलेला फोटो सगळ्यांना पाठवला. आईने ढाल पुसून कपाटावर ठेवली आणि विचारलं, "माझ्यावर बोललीस का तू?" ती म्हणाली, "मग! हीरोइन होतीस तू त्यात."

त्याच गुर्मीत तो प्रश्नही आला. क्लासमध्ये बाकावर फोन थरथरला आणि रितिकाने तो ओढून घेतला.

"अबे, दार उघडलं बे तुझं."

"आई असेल."

"रोज? रोज पावणेतीनलाच? काल पण याच वेळेला वाजला होता." रितिकाने बोटाने मागची नोंद सरकवली. "जाते दोन पंचेचाळीसला, येते चारला. कुठे जाते वं काकू?"

"भाजी आणायला," गार्गी म्हणाली, आणि डोळे मोठे करून, "भर उन्हात!" दोघी फिदीफिदी हसल्या. "विचार ना तिले. दम आहे का?"

"मला काहून दम नसेल?"

"मग विचार. काका समोर असताना विचार, तर मानलं."

आणि भैरवीने विचारलं. जेवताना, बाबांसमोर. आईच्या हातात वरणाचा डाव होता. तिने बाबांकडे पाहिलं. आधी बाबांकडे, मग तिच्याकडे. हा क्रम तेव्हा दिसला होता, पण कळला नव्हता. "कुठे म्हणजे... कचरा टाकायला." बाबा हसले. बाबा कधी ओरडत नाहीत, त्यांना ओरडावं लागत नाही. "सव्वा तास कचरा?" ते म्हणाले, आणि मग अगदी गोड आवाजात, "भैरू, हे दाराचं माझ्या फोनवर का येत नाही गं? मला पण जोड." आणि भैरवीने उष्टा हात धुऊन, उड्या मारत जाऊन, त्यांना जोडलं. दोन मिनिटांचं काम. आमची इंजिनियर, बाबा म्हणाले.

तेव्हापासून आई गेलेली नाही.

आज दुपारी भैरवी हॉलमध्ये इतिहासाचं पुस्तक उघडून बसली आहे. दोन चाळीस. आई स्वयंपाकघरात फ्रिज उघडते. नरखेडहून मामाने मृग बहाराची संत्री पाठवली आहेत, त्यांचा वास आधी येतो, मग आई. पदराच्या ओच्यात चार संत्री. ती भैरवीकडे बघत नाही. चपला पायांत सरकवते, उजवी, मग डावी, एकेक बोट आत घालत, जणू चपलेचाही आवाज कुठे नोंदला जाईल. कडी काढते. दार वीतभर उघडतं...

आणि स्पीकर आधी बोलतो. "मुख्य दार उघडलं आहे." मग काही क्षणांनी, घंटा नाही, काही नाही, हॉलच्या मधोमध बाबांचा आवाज, जणू ते सोफ्यावरच बसलेले आहेत.

"गोपिका? कोण आलं?"

आई दाराशी तशीच उभी. "कोणी नाही. हवेने उघडलं."

"बरं. नीट लावून घे."

ती लावून घेते. उजवी चप्पल काढते, डावी काढते. संत्री पुन्हा फ्रिजमध्ये, एक, दोन, तीन, चार, कप्प्यावर टेकताना प्रत्येकाचा मऊ आवाज. भैरवीच्या डोळ्यांपुढे इतिहासाची एकच ओळ आहे आणि ती ओळ पुढे सरकत नाही. मी हे जोडलं. फोनवरून न विचारता थेट घरात बोलता येतं ती सोयसुद्धा मीच चालू करून दिली होती. 'समजा आई पडली बिडली तर, बाबा?' असं मीच म्हणाले होते. काळजी होती ती. काळजीच होती... ना?

ती उठते. फ्रिजमधून चारही संत्री काढून ओढणीत बांधते आणि दार उघडते.

"गोपिका?"

"मी आहे बाबा. खाली जातेय, पेन आणायला."

खोटं किती सहज आलं! कुठेही न अडखळता, माइकसमोर यायचं तसं. आईलाही पहिल्यांदा असंच सहज आलं असेल का? की तिला जमलंच नसेल, म्हणून तिने कचरा सांगितला, सव्वा तासाचा? आणि मग भैरवी खाली न जाता वर जाते. का वर, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. कदाचित आईच्या चपलांना रोज पांढरा चुना लागलेला असायचा आणि गच्चीच्या फरशीला चुना दिलेला आहे, हे डोळ्यांनी केव्हाच टिपून ठेवलं होतं, फक्त मनाने ते मागून घेतलं नव्हतं.

पाण्याच्या टाकीमागे तेवढीच सावली असते. तिथे दोन पोती घड्या घालून मांडलेली आहेत, शेजारी-शेजारी. एकावर पार्वतीबाई. खालच्या मजल्यांवरची कामं आटोपून ती डबा उघडून बसली आहे. दुसरं पोतं रिकामं. कठड्याजवळ वर्तमानपत्रावर संत्र्याच्या साली वाळत टाकलेल्या, वाळून वाळून चामड्यासारख्या झालेल्या. नऊ दिवसांत नवी साल त्यांत पडलेली नाही.

"तू होय," पार्वतीबाई म्हणते. तिची नजर भैरवीच्या मागे, जिन्याच्या दाराकडे जाते. "वहिनी नाही आली? काहून वं, तब्येत तं बरी आहे ना तिची?"

"बरी आहे."

"मंग? नऊ दिस झाले. मले वाटलं, माह्यावर रागावली का काय."

भैरवी संत्री पुढे करते. रिकाम्या पोत्यावर बसावं का, हे तिला कळत नाही; ती उभीच राहते.

"तुम्ही... काय करता इथे?"

"काय करतो? बसतो. ते बोलते, मी आयकते." पार्वतीबाई एक संत्रं अंगठ्याने फोडते. "लई बोलते तुही माय. नरखेडचं, बगीच्याचं. भावाची फटफटी घेऊन विहिरीपर्यंत गेली होती म्हणे एकडाव, कोनाले न सांगता, अन् थांबवताच येईना! तवा तिथं फेऱ्याच मारत राहिली, पेट्रोल सरेपावतर. सांगता सांगता इतकी हसली, इतकी हसली... मी म्हटलं, बाई, खाली आयकू जाईन."

फटफटी. आई. भैरवी ते चित्र जुळवून बघते आणि ते जुळत नाही. संत्र्याच्या झाडांमधून गोल गोल फिरणारी, थांबता न येणारी एक मुलगी, तिच्याच वयाची, आणि तिचं तोंड काही केल्या आईचं होत नाही. घरी आई किती बोलते? 'जेवायला चला.' 'पाणी आलं.' 'हवेने उघडलं.' स्पीकरला आईचं बोलणं कळत नाही. 'लाइट लाव' ती नरखेडच्या हेलाने म्हणते आणि तो म्हणतो, माफ करा, मला समजलं नाही. मग मी आणि बाबा म्हणायचो, नीट म्हण ना, आई! आणि हसायचो. मग तिने म्हणणंच सोडलं.

"तुमच्या घरी माह्या नावाची मशीन आहे म्हणे," पार्वतीबाई म्हणते. रागाने नाही, फोडीतली बी थुंकत, सहज. "झाडते का बरोबर?"

भैरवीचे कान तापतात. "कोपरे राहतात."

"कोपरे तं राहतेच." ती हसते, आणि सोललेलं अर्धं संत्रं भैरवीच्या हातावर ठेवते. "वहिनीले सांगजो, पोतं मांडूनच ठेवते म्हणा मी."

संध्याकाळी भैरवी वाचता वाचता झोपली असावी. जाग आली तेव्हा सात वाजत आले होते आणि घर काळंशार. हॉलमध्ये आई अंधारात बसलेली, हात मांडीवर, कशाचीच वाट न बघता. भिंतीवरच्या बटणावर बाबांनी लावलेली चिकटपट्टी पुसट चमकत होती. बटण बंद केलं तर दिवे ॲपवरून लागत नाहीत, म्हणून ते कोणी दाबायचं नाही. म्हणजे रोज, मी क्लासहून येऊन 'लाइट लाव' म्हणेपर्यंत, ही अशीच... आणि मी रोज आत शिरत ओरडायचे, "आई, अंधारात काय करतेस गं भुतासारखी!" आणि दिवे लागायचे, आणि मला वाटायचं, मी लावले.

आज ती ओरडली नाही. आईशेजारी अंधारातच बसली. हाताला संत्र्याचा वास येत होता. तो आईलाही आलाच असणार. आईने एकदा मान वळवली, काहीतरी विचारायला तोंड उघडलं, मग कोपऱ्यातल्या स्पीकरच्या निळ्या ठिपक्याकडे बघून मिटलं. भैरवीला आजवर त्या ठिपक्याची कधी भीती वाटली नव्हती. तिने फोन काढला. ॲपमध्ये सर्वांत वर लिहिलेलं होतं, घरमालक: भैरवी. हेही तिनेच लिहिलं होतं, गमतीने. कोणाला जोडायचं नि कोणाला काढायचं, ते त्याच नावाच्या हाती होतं.

साडेआठला तिघं जेवायला बसले. सोफ्याखालून कण्हल्यासारखा आवाज आला आणि स्पीकर म्हणाला, "पारू अडकली आहे. कृपया पारूला मदत करा." कोणीच उठलं नाही.

"दोन सत्तेचाळीसला गेलीस," बाबा वरण कालवत म्हणाले, डोळ्यांत तेच हसू. "पस्तीस मिनिटं लागली. मिळालं का पेन?"

आईचा हात डावावर थांबला. या वेळी तिने आधी भैरवीकडे पाहिलं, आणि त्या नजरेत आभार नव्हते, काही नव्हतं, फक्त भीती होती. बाबांच्या फोनकडे बघताना असते तीच. त्या नजरेसमोर शाळेतल्या सगळ्या टाळ्या एकदम बंद पडल्यासारखं झालं. आपण आता जे बोलणार आहोत त्याने आईचं काही सोपं होईल का, की उद्यापासून आणखी अवघड, हे तिला खरंच माहीत नव्हतं. कदाचित बाबा हसतीलच. कदाचित दुसरा तुकडा आणतील, गच्चीच्या दारासाठी. तिने हातातला घास खाली ठेवला. आवाज निघाला तो तिचा वाटला नाही. खालचा होता, आणि शेवटी वर चढला नाही.

"बाबा, दाराचा तो तुकडा मी जेवायला बसायच्या आधीच काढून टाकला आहे, आणि तुमचा फोनही घराच्या ॲपमधून काढला आहे. परत जोडणार नाही. आई कुठे जाते ते मला आज कळलं. आणि ते मी कोणालाच सांगणार नाही."