गुरुवारी मी बरा असतो

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्रेसर आहे आणि आधीच सांगून ठेवतो, मी वैतागलेला आहे. गोड गोड आत्मवृत्त ऐकायचं असेल तर शेजारच्या वजनकाट्याकडे जा. तो दिवसभर नुसता बसून असतो, त्याला गोड बोलायला काय जातं!

मुक्ताईनगरच्या रस्त्याला योगराजभाऊंची केळी पिकवायची थंड खोली आहे. तिच्या मागच्या पडवीत मी उभा असतो. हिरवी केळी आत येतात आणि पिकताना आपली आपणच गरम होतात. खोटं वाटतं ना? पण झाडावरून उतरवलेलं केळं काही लगेच मरत नाही. त्याच्या आतल्या पेशी श्वास घेत असतात, काम करत असतात, म्हणून ऊब तयार होते. ती ऊब खोलीतून ओढून बाहेर टाकायची, हे माझं काम. शेजारची मोटर पट्ट्याने माझं जाड लोखंडी चाक फिरवते. ते चाक दोन बेअरिंगांवर फिरतं, एक डावीकडे, एक उजवीकडे. माणसाला जसे गुडघे, तशा मला बेअरिंगा.

नवा होतो तेव्हा माझा काय थाट होता! ट्रकमधून उतरलो तर योगराजभाऊंनी स्वतः नारळ फोडला. दसऱ्याला मला झेंडूची माळ, गंध, पेढा. पाहुणे आले की भाऊ त्यांना पाण्याचा ग्लास हातात देऊन तसेच माझ्याकडे घेऊन यायचे. मी आपला घुमत असायचो. आवाज माझा पहिल्यापासून मोठा. पडवीत दोन माणसं बोलायला लागली तर एकमेकांच्या कानाला तोंड लावून बोलायची.

मला चालवायला भाऊंनी तोताराम आबांना ठेवलं. आबा मूळचे शिंदखेड्याकडचे, अहिराणी बोलणारे. इकडची पोरं त्यांना 'काय शे, आबा?' म्हणून चिडवायची आणि आबा हसायचे. माणूस सोन्यासारखा! मला पुसणार, तेल देणार, केळ्याचा एक रिकामा क्रेट उलटा टाकून माझ्या पट्ट्याशेजारी दिवसभर बसणार. पण कानात बोळा म्हणून कधी घातला नाही. आणि मी तरी त्यांना कसं सांगावं? ओरडून सांगायचं, तर माझं ओरडणंच त्यांच्या कानांना बाधत होतं. सांगा, यावर काय इलाज?

व्हायचं ते झालं. आबांना हळूहळू ऐकू येईनासं झालं. त्यांनी ते कुणाला कळू दिलं नाही. कुणी काही विचारलं की हसायचं आणि 'हा हा' म्हणायचं. भाऊ विचारायचे, "आबा, चहा घेणार की ताक?" आबा म्हणायचे, "हा हा." मग भाऊ दोन्ही पाठवून द्यायचे.

त्याच सुमारास माझी डावी बेअरिंग खराब व्हायला लागली. आधी बारीक किरकिर, मग खडखड. पूर्वी आबांनी नुसत्या आवाजावरून ओळखलं असतं. आता मी त्यांच्या कानाशी खडखडतोय आणि ते तंबाखू मळतायत! मी मोडलो असतो तर मोडलो असतो, भंगारात गेलो असतो. पण बेअरिंग जाम झाली तर चालता पट्टा तुटतो, आणि तुटलेला पट्टा आसुडासारखा सुटतो. आबांचं तोंड त्या पट्ट्यापासून हातभर अंतरावर असायचं. माझा जीव त्या एकाच गोष्टीने अर्धा झाला होता.

अशात जळगावहून दोन संशोधक आले. चारुलताताई यंत्रांची झीज मोजणाऱ्या आणि हितेंद्रदादा पेशींची. मला केवढा आनंद झाला! म्हटलं, सुटलो. ताई दर गुरुवारी येणार होत्या. माझ्या अंगाला एक लोहचुंबकाचा मोजणारा डबा चिकटवून मी किती थरथरतो, किती तापतो ते बघायच्या. दर वेळी कागदावर एक ठिपका टाकायच्या. ठिपक्यांतून रेघ ओढायची आणि ती पुढे वाढवत न्यायची, म्हणजे यंत्र कधी बंद पडणार ते आधीच कळतं. याला त्या 'मॉडेल' म्हणायच्या. हितेंद्रदादांचं निराळंच. ते केळ्याच्या सालीच्या चकत्या कापून स्वच्छ पाण्यात टाकायचे. पेशी थकली की तिचं पातळ आवरण गळायला लागतं, आतले क्षार पाण्यात उतरतात. पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजलं की पेशी किती थकली ते कळतं.

आता ऐका, आमच्या आबांनी काय केलं ते.

मोजायला माणसं येणार म्हटल्यावर आबा घाबरले. डाव्या बेअरिंगची खडखड ऐकू येत नसली तरी तिची थरथर आणि ताप त्यांच्या हाताला कळला होता. मशीन खराब निघालं तर भाऊ ते भंगारात काढतील, आणि नव्या मशीनबरोबर नवा माणूस आणतील. आबा माझ्यावर हात ठेवून म्हणाले, "हाऊ मना भाऊ शे. याले भंगारमा जाऊ देवाव नही." माझं मन भरून आलं, खोटं कशाला बोलू? पण पुढे त्यांनी जे केलं त्याने मी कपाळाला हात लावला असता, हात असता तर!

आपल्याकडे पाहुणे येणार म्हटलं की काय होतं? पलंगपोस बदलतात, पसारा पलंगाखाली ढकलतात, पोरांचे भांग पाडतात. आबांनी माझं तेच केलं. बुधवारी दुपारपासून मला बंद ठेवायचं, 'दम खाऊ दे' म्हणून. गुरुवारी पहाटे चालू करायचं. डाव्या बेअरिंगात जाड ग्रीस ठासायचं, दर आठवड्याला आधीपेक्षा जास्त, म्हणजे काही तास ती गप्प. पायाखाली टायरचा तुकडा, म्हणजे थरथर कमी. बेअरिंगवर ओलं गोणपाट, म्हणजे ताप कमी. ताईंची गाडी फाटकात वळली की गोणपाट झटकन विजेच्या पेटीमागे! मुलगी दाखवायला काढतात ना, तसा मी गुरुवारी नटूनथटून उभा. आणि शुक्रवारपासून पुन्हा खडखड.

ताईंचे ठिपके खाली खाली जायला लागले. म्हणजे माझी थरथर दर आठवड्याला घटतेय! भाऊ खूश. म्हणाले, "मी सांगत होतो ना, मशीन एकदम फर्स्ट क्लास आहे."

ताई म्हणाल्या, "भाऊ, जुनं यंत्र तरुण होताना मी पहिल्यांदाच बघतेय. रेघ बघितली तर अजून कितीतरी वर्षं याला काही होत नाही."

अहो ताई, इतक्या शिकलात, असं कुठे असतं का? एकदा न सांगता या ना! सोमवारी या, मंगळवारी या! मी जीव तोडून खडखडत होतो, पण गुरुवारी माझ्या तोंडात ग्रीसचा बोळा कोंबलेला.

शेवटी बोलली ती केळी. हितेंद्रदादांनी एकाच बागेतली काही केळी आपल्या प्रयोगशाळेत ठेवली होती आणि बाकीची आमच्या खोलीत. दोन्हींच्या चकत्या पाण्यात टाकल्या तर आमच्या खोलीतल्या केळ्यांच्या पेशी फारच लवकर गळायला लागलेल्या. दादा पडवीतच मोठ्याने ताईंना म्हणाले, "चारुलता, पेशीत झीज चालू असते आणि डागडुजीही चालू असते. डागडुजी मागे पडली की पेशी म्हातारी होते. ही केळी वेळेआधी म्हातारी झालीयेत. खोली मधेमधे गरम होतेय."

ताई म्हणाल्या, "कशी होईल? मशीन तर ठणठणीत आहे."

"तू गुरुवारचं मशीन बघतेस. केळी आठवडाभर आत असतात."

केळ्याला नटवता येत नाही ना! आबा समोरच उभे होते. त्यांनी हसून मान हलवली आणि "हा हा" म्हणाले. बिचाऱ्यांना एक शब्द ऐकू आला नव्हता.

पुढच्या मंगळवारी भर दुपारी ताई न सांगता आल्या. माझा आवाज त्यांना फाटकातूनच ऐकू गेला असणार, कारण त्या धावतच आल्या. माझी डावी बेअरिंग लालबुंद तापली होती. आबा क्रेटवर बसून डुलक्या घेत होते, पट्ट्याला खेटून.

"आबा, उठा! बाजूला व्हा!" ताई ओरडल्या.

आबा हलले नाहीत.

"आबा!"

काही नाही. ताईंनी झेप घेऊन त्यांचा दंड धरला आणि ओढलं. दोघं फरशीवर पडले. त्याच क्षणी माझी बेअरिंग जाम झाली, पट्टा तुटला आणि ज्या क्रेटवर आबा बसले होते त्याचे तुकडे पडवीभर उडाले.

मग सगळं शांत झालं. आबा उठून बसले, क्रेटकडे बघितलं, ताईंकडे बघितलं. "काय व्हयनं, ताई?"

ताई त्यांच्या मागे जाऊन मोठ्याने म्हणाल्या, "आबा, माझा आवाज येतो का?" आबा समोर बघत राहिले. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. रागावल्याही असतील, मी तर होतोच.

भाऊंनी माझी बेअरिंग उघडवली. आतल्या गोळ्यांना देवीचे व्रण असावेत तसे खड्डे पडले होते. नवी बसवली, पट्टाही नवा. ताई आबांना जळगावला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. परत आल्यावर, कानात छोटं यंत्र लावलेल्या आबांनी माझ्यासमोरच त्यांना विचारलं, "ताई, मना कानले नवी बेअरिंग बसत नही का?"

ताई त्यांच्या समोर बसून सावकाश म्हणाल्या, "नाही, आबा. कातडी खरचटली तर भरून येते. पण आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या बारीक पेशी असतात, त्या एकदा गेल्या की पुन्हा येत नाहीत. उरल्यात तेवढ्या सांभाळायच्या." आणि त्यांनी आबांना जाड हेडफोनसारखी, आवाज अडवणारी कानटोपी दिली, माझ्याजवळ येताना घालायची. मला बरं वाटलं, पण इतकी वर्षं हे कुणाला सुचलं नाही याचा संतापही आला.

आता आत्मवृत्तात उपदेश लागतोच, तो सांगून टाकतो. मित्रांनो, यंत्राला तेल द्या, कानाला जपा, हे तर आहेच. पण कुणी आपलं दुखणं मोजायला आलं तर त्याच्यासमोर नटू नका हो! तब्येत बघायला आलेल्या माणसाला पाहुणा समजून खोटं दाखवलं तर तो करणार काय? डोक्यावर हात फिरवून जाणार.

गेल्या गुरुवारी ताई आल्या, बरोबर त्यांच्या संस्थेतली मोठी माणसं होती. भाऊंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. माझ्याकडे हात करून म्हणाले, "बघा साहेब, मशीन एकदम—"

"नही, भाऊ," आबा मध्येच म्हणाले. भाऊंचं बोलणं तोडताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. कानटोपी काढून हातात धरून ते पुढे आले. नीट ऐकू येत नसल्यामुळे आवाज जरा जास्तच मोठा होता. "डावी बाजूनी बेअरिंग नवी शे. उजवी बाजूनी जुनी शे, तीबी आते किरकिर करस, हात ठेवा म्हनजे कळस. बुधवारले मीच याले बंद ठेवे. आनि माले ऐकू येत नही."

ताईंनी पेन काढलं.

"बठ्ठं लिखी ल्या, ताई, काहीबी सोडू नका," आबा म्हणाले.