रविवारचं टोलेडो

डेनिसचा बूट उलटा करून रॉबर्टने तळवा अंगठ्याने दाबून पाहिला आणि मान हलवली.

"हे नाही चालायचे. टोलेडोत सगळे दगडी चढ. रबरी तळव्याचे घे."

चर्चमधली शुक्रवारची मिस्सा आटोपून डेनिस आणि त्याची नवी नवरी कॅरोलिन थेट बहरीनच्या सलमानिया भागातल्या रॉबर्ट-टेरेसाच्या या फ्लॅटवर जेवायला आली होती. बँक डेनिसला ट्रेनिंगसाठी माद्रिदला पाठवत होती. कॅरोलिनही जाणार होती, आणि फिरायला एक दिवस मोकळा मिळत होता. ओळखीपाळखीत स्पेन पाहिलेलं घर हे एवढंच.

टेरेसा स्वयंपाकघरात पापलेट तळत होती. नवऱ्याच्या सूचना तिला तोंडपाठ होत्या. सकाळची पहिली गाडी पकडा. स्टेशनवरून चढत जाऊ नका, बस थेट चौकात सोडते. दुपारी चर्चनाही कुलपं लागतात, तेव्हा जेवण त्या वेळात उरका. तिथली बदामाची मिठाई, मार्झिपान, घ्या, पण आपल्या नाताळच्या काजूच्या मार्झिपानची सर त्याला नाही.

"आणि काही झालं तरी रविवारी जाऊ नका."

"का हो, अंकल?" कॅरोलिनने विचारलं.

इथे टेरेसाला दरवेळी हसू यायचं. त्र्याहत्तर साली हॉटेलने रॉबर्टला माद्रिदला धाडलं, तेव्हा तीही सोबत गेली होती. या शहाण्याने विचार केला, इथल्यासारखं शुक्रवारी सगळं बंद असणार, रविवार कामाचा दिवस, रविवारी जाऊ. बहरीनमध्ये राहून राहून वसईचा कॅथलिक माणूस रविवारच विसरला. स्टेशनबाहेर पडताच गावभर घंटा वाजू लागल्या, तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. हा किस्सा ऐकून पाहुणे पोट धरून हसायचे.

आज त्याने तो हसवण्यासाठी सांगितला नाही. त्याचा आवाज खाली आला.

"हिच्यासाठी कानातले घ्यायचे होते. तिकडे पोलादावर सोन्याची तार ठोकून करतात. दुकान बंद. ही काचेसमोर उभी राहिली, एक शब्द बोलली नाही. लग्नानंतर एकदाच कुठे नेलं तिला, तो दिवसही मी वाया घालवला."

टेरेसाचा हात थांबला. इतकी वर्षं ती याला गंमत समजत आली, आणि हा माणूस लोकांना हसवता हसवता हे उराशी धरून बसला होता. तिला वाईट वाटलं, आणि त्याचा रागही आला. तिने गॅस बंद केला आणि बाहेर आली.

"डेनिस, रविवारीच जा."

"पण आंटी, सगळं बंद असेल ना?"

"असू दे. दुकानं उघडी असती तर कानातले घेऊन हा दुपारच्या गाडीने परत फिरला असता. हॉटेलात डबल ड्युट्या करणारा माणूस, घरी नुसता झोपायला यायचा. त्या दिवशी करायला काहीच नव्हतं म्हणून नदीकाठी पायरीवर बसला आणि अख्खी दुपार माझ्याशी बोलला. आईला न सांगता मुंबईहून बहरीनच्या बोटीत चढला, ते मला तिथे कळलं. असा तो त्याआधी कधी बोलला नाही, त्यानंतरही नाही."

रॉबर्ट तिच्याकडे वळला.

"मग काचेसमोर गप्प का होतीस?"

"भूक लागली होती मला."

डेनिस आणि कॅरोलिन हसली. रॉबर्ट हसला नाही.

पाहुणे गेले. टेरेसा भांडी घासून बाहेर आली, तर संध्याकाळच्या ड्युटीचा टाय हातात घेऊन रॉबर्ट तसाच सोफ्यावर बसलेला.

"उशीर होईल तुला," ती म्हणाली.

"हॉटेलात फोन केलाय. उशिराच येतो म्हटलं. बस जरा."

ओले हात फ्रॉकला पुसत ती शेजारी बसली. मग तिनेच विचारलं,

"त्या बोटीत पहिल्या रात्री काही जेवला होतास का रे?"