दोनशेच्या आसपास

मागच्या परीक्षेत मी बंद स्टॉपवॉचवर लंबकाचा अख्खा प्रयोग केला होता आणि उत्तरही अगदी बरोबर काढलं होतं. नऊशे ऐंशी. परीक्षकांनी घड्याळ उलटं केलं, मागचं झाकण उघडलं आणि मला दाखवलं. आत सेलच नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं आणि त्या वर्षीचं माझं घोडं तिथंच अडलं.

यात माझा काय दोष, असं मला तेव्हा खरंच वाटलं होतं. सव्वीस वर्षं मी कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर आहे. सगळे मावशी म्हणतात. उपकरणं कपाटातून काढायची, पुसायची, टेबलांवर मांडायची, तास संपला की परत ठेवायची, हे माझं काम. शिवाय नेमणुकीच्या पत्रात नसलेलं आणखी एक काम होतं, ते म्हणजे उत्तर सांगायचं. मुलांचे आकडे वाकडेतिकडे येतात, तास संपायला दहा मिनिटं उरतात, मग कुणीतरी माझ्याजवळ येऊन कुजबुजतं, "मावशी, किती यायला हवं?" लंबकाला नऊशे ऐंशी. तिसऱ्या कपाटातल्या भिंगाला पंधरा सेंटीमीटर. मुलं उत्तरावरून उलटं गणित करत रीडिंगं भरतात, जर्नलवर सही मिळते, सगळे खूश. माझ्याआधी जी मावशी होती तिनं किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर ही सगळी उत्तरंही मला पाठ करून दिली होती.

यंदा आमचे सहायक निवृत्त होत होते. परिचराला सहायक व्हायचं तर लेखी आणि प्रॅक्टिकल अशी खात्याची परीक्षा द्यावी लागते, आणि ती तीनदाच देता येते. पहिल्या वेळी मी लेखीतच आपटले, दुसऱ्या वेळी घड्याळानं घात केला. आता ही तिसरी. लेखी कशीबशी निघाली होती, प्रॅक्टिकल राहिली होती. त्यात नापास झाले असते तर बाहेरून कुणीतरी कालचं पोरगं येणार होतं, माझ्याच कपाटांच्या किल्ल्या माझ्याकडून मागून घेणार होतं, आणि मी निवृत्त होईपर्यंत फडकं घेऊन त्याच्या मागे फिरणार होते. मला ती जागा हवी होती. पगारात फार फरक पडत नव्हता. पण ज्या उपकरणांना मी सव्वीस वर्षं पुसलं, त्यांना एकदा हक्कानं चालवायचं होतं.

माझी लेक दुसऱ्या कॉलेजात हाच विषय शिकते, शेवटच्या वर्षाला आहे. तिनं मला शिकवायला घेतलं. संध्याकाळी स्वयंपाकघरात मी मटार सोलायला बसले की तिचा तास सुरू व्हायचा. नवऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. तोही दुकान आटोपून काळे हात घेऊन बाकावरच्या विद्यार्थ्यासारखा येऊन बसायचा. त्याला कुणी बोलावलेलं नसायचं.

"अणू म्हणजे जवळजवळ सगळी रिकामी जागा," लेक म्हणाली. "मधे एवढंसं केंद्रक. त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन. इलेक्ट्रॉन बाहेर, लांबवर."

"लांब म्हणजे किती?" नवऱ्यानं खिशातून सायकलचा छर्रा काढून टेबलावर ठेवला. "हे केंद्रक धर."

"मग इलेक्ट्रॉन कोपऱ्यावरच्या पोस्टापाशी. दीडेकशे मीटरवर."

"आणि मधे?"

"काही नाही."

"काही नाही कसं?" मी मटार बाजूला ठेवले. "मग मी या खुर्चीतून आरपार खाली का पडत नाही?"

"कारण तुझे इलेक्ट्रॉन आणि खुर्चीचे इलेक्ट्रॉन एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत. खरं सांगायचं तर आई, तू खुर्चीला टेकलेलीच नाहीस."

"तरी ती करकरते," नवरा म्हणाला.

मी डोळे वटारले. त्यानं छर्रा उचलून खिशात टाकला. प्रोटॉनच्या आत तीन क्वार्क असतात, त्यांना एकेकटं बाहेर काढता येत नाही, ओढायला जावं तर त्या ओढण्याच्या ताकदीतून आणखी नवे क्वार्क तयार होतात, हे ऐकल्यावर त्यानं मान डोलावली. "दुकान आवरायला काढलं की असंच होतं," म्हणाला. कधी नव्हे ते मला त्याचं म्हणणं पटलं.

पण माझ्या मनात जी गोष्ट घर करून बसली ती निराळी होती. लेक म्हणाली की काही केंद्रकं अस्थिर असतात. कधीतरी फुटतात आणि एखादा कण बाहेर फेकतात. त्यातलं कुठलं कधी फुटेल ते सांगता येत नाही.

"आपल्याला सांगता येत नाही, की कुणालाच?"

"कुणालाच नाही. आणि आई, ती म्हातारी होत नाहीत. हजार वर्षं थांबलेलं केंद्रक घे नाहीतर काल तयार झालेलं घे, पुढच्या मिनिटाला फुटायची शक्यता दोन्हींची सारखीच."

हे मला फार आवडलं. एक्कावन्नाव्या वर्षी तिसऱ्यांदा परीक्षेला बसणाऱ्या बाईला असं काहीतरी कुणीतरी सांगायलाच हवं होतं. मी तिला पुन्हा एकदा तेच सांगायला लावलं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी निघताना लेकीनं मला दारात अडवलं. "एकच कर. जे दिसेल ते लिही. काय यायला हवं, ते लिहू नकोस."

"कानाला खडा," मी म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले.

परीक्षा आमच्याच प्रयोगशाळेत होती. परीक्षक म्हणून तिशीतल्या एक बाई आल्या होत्या. कापडी बूट, खांद्याला पिशवी, तोंडात मोजके शब्द. मी सवयीनं त्यांच्यासाठी खुर्ची पुसायला पुढे झाले.

"राहू द्या. आज तुम्ही उमेदवार क्रमांक तीन," त्या म्हणाल्या. मी फडकं कुठे ठेवावं ते न कळून पर्समध्ये कोंबलं.

माझ्या वाट्याला गायगर काउंटर आला. शिशाच्या डबीत बटणाएवढी एक चकती असते, तिच्यातली केंद्रकं फुटत असतात. चिमट्यानं ती उचलून नळीखाली ठेवायची. फुटलेल्या केंद्रकातला कण नळीत शिरला की टिक असा आवाज होतो आणि आकडा एकानं पुढे सरकतो. एकेका मिनिटाची दहा रीडिंगं घ्यायची, सरासरी काढायची, आलेख काढायचा. वेळ एक तास. हे यंत्र चार वर्षांपूर्वी आलेलं. माझ्या पाठ केलेल्या उत्तरांत याचं उत्तर नव्हतं.

जोडणी मी झकास केली. ती मला झोपेतही येते. पहिल्या मिनिटाला आकडा आला एकशे सत्त्याऐंशी. दुसऱ्या मिनिटाला दोनशे एकवीस.

चौतीसचा फरक! यंत्र बिघडलं की मी बिघडवलं? वायर हलवून पाहिली, चकती सरळ केली. या सगळ्यात बराच वेळ गेला. आणि मग हातानं आपोआप तेच केलं जे तो सव्वीस वर्षं मुलांना सांगत आला होता. दोन्हींचा मध्य काढला, दोनशे चार. वहीत लिहिलं दोनशे चार. खाली दोनशे पाच, दोनशे तीन, दोनशे चार, परत दोनशे चार. पाहता पाहता दहा ओळी भरल्या. तक्ता असा देखणा झाला की कुणाही प्राध्यापकानं डोळे मिटून सही ठोकली असती. डोक्याला सगळं कळलं होतं हो, हाताला कळलं नव्हतं.

पेन ठेवून मी हाताची घडी घातली. यंत्र चालूच होतं. परीक्षक बाई खिडकीपाशी उभ्या होत्या, माझ्याकडे बघत नव्हत्या, नुसत्या ऐकत होत्या. म्हणून मीही ऐकलं. टिक. टिकटिक. मग काहीच नाही. मग टिकटिकटिक, आणि पुन्हा एक टिक लांबून आल्यासारखी. त्या आवाजाला ना ताल होता ना तोल. आणि मला वाटलं, ही केंद्रकं कुणाला विचारून फुटत नाहीत, मग दर मिनिटाला दोनशे चारच फुटायला ती काय कवायत करतायत?

मी पुन्हा एकदा बंद घड्याळावर लंबक मोजला होता.

भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा मिनिटं उरली होती. तक्ता तसाच दिला तर सरासरी काढून आलेख काढायला तेवढी पुरेशी होती. खोडला तर नवी रीडिंगं जेमतेम होणार, आलेख राहणार, आणि आलेखाला दहा गुण. शिवाय आमच्या परीक्षेत खोडरबर चालत नाही; चुकलेल्यावर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. म्हणजे मी काय केलं ते साऱ्या जगाला दिसणार. फडकं, कपाटं, ते कालचं पोरगं, सगळं डोळ्यांपुढे आलं. मला रडू येईल असं वाटलं. त्याऐवजी मी स्वतःवरच इतकी चिडले की पट्टी घेतली आणि वरपासून खालपर्यंत रेघ ओढून टाकली.

मग पहिल्यापासून सुरुवात केली. एकशे सत्त्याऐंशी आणि दोनशे एकवीस हे दोन खरे आकडे होते, ते जसेच्या तसे लिहिले. तिसरा दोनशे तीन. चौथा एकशे चौऱ्याण्णव. पाचव्या मिनिटाला दोनशे बत्तीस आले तेव्हा हात शिवशिवला, पण दुसऱ्या हातानं त्याचं मनगट धरून मी दोनशे बत्तीस लिहिले. सातवा एकशे अठ्ठ्याहत्तर. असे वेडेविद्रे आकडे मी आयुष्यात लिहिले नव्हते. दहावा आकडा लिहून सरासरी काढली तोच वेळ संपला. दोनशे चार आली होती, मेली! आलेखाचा कागद कोराच राहिला.

परीक्षक बाईंनी वही ओढून घेतली. रेघेवर बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

"ते आकडे मी केले होते, मॅडम. यंत्रानं नाही."

"मग खोडले का?"

"फार शहाणे दिसत होते."

त्यांनी मान वर केली नाही. "सरासरी तर तीच आली की."

"आली खरी. पण मला ती आधी माहीत नव्हती, नुसतं वाटलं होतं."

"बरं. आता मी यंत्र आणखी एक मिनिट चालवते. किती येईल?"

सव्वीस वर्षांत हाच प्रश्न मला हजारदा विचारला गेला होता, आणि दर वेळी माझ्याकडे उत्तर तयार होतं. जीभ दोनशे चार म्हणायला उचललीही होती.

"दोनशेच्या आसपास."

"नेमकं सांगा."

"नेमकं सांगता येत नाही."

"तुम्हाला येत नाही?"

"कुणालाच येत नाही, मॅडम. पुढचं कुठलं फुटणार, हे त्या चकतीलाही ठाऊक नाही." मग मला जोर आला. "आसपास म्हणजे पंधराएक इकडे नाहीतर तिकडे, बहुतेक वेळा. अशा मोजणीत आकड्याच्या वर्गमुळाएवढा फरक पडतोच, आणि दोनशेचं वर्गमूळ चौदा आणि थोडं. कधी त्याहून जास्तही जातं, बघा ना, हे दोनशे बत्तीस."

त्यांनी बटण दाबलं. ते एक मिनिट आम्ही दोघी मान पुढे करून त्या आकड्याकडे बघत बसलो. दोनशे दहा झाले, दोनशे चौदा झाले, आणि शेवटी आकडा दोनशे एकोणिसावर थांबला.

"दोनशे एकोणीस. सरासरीहून पंधरा वर," त्या म्हणाल्या. मग पहिल्यांदाच हसल्या, आणि मला जायला सांगितलं.

निकाल दुपारी फलकावर लागला. पन्नासपैकी वीस गुणांना पास. माझ्या नावापुढे होते एकवीस. आलेखाचे दहा गेले होते, खोडलेल्या तक्त्याचेही बरेच कापले होते, सगळं रीतसर. मी तो कागद चार वेळा वाचला. मग शिपायाला बोलावून त्यालाही वाचायला लावला.

घरी आले तर नवरा दुकान बंद करून दारातच उभा. "किती?"

"एकवीस."

"पास कितीला?"

"वीसला."

त्यानं अशी आरोळी ठोकली की लेक आतून धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली. मग आम्ही तिघंही एकदम बोलत होतो, कोण काय म्हणतंय ते कुणालाच कळत नव्हतं. जरा शांत झाल्यावर नवरा जिन्याकडे बघत हळूच म्हणाला, "वरच्या काकू विचारतील. त्यांना चाळीस सांगू. कोण बघायला येतंय?"

"खबरदार!" मी ओरडले. "एकवीस म्हणजे एकवीस! त्यातला एकसुद्धा मला कुणी कानात सांगितलेला नाही!"

आणि तिथंच, पायरीवर, चपलाही न काढता मला रडू फुटलं. इतक्या वर्षांत मी लोकांना किती बरोबर उत्तरं वाटली असतील, पण स्वतः मोजून मिळवलेलं माझं असं हे पहिलंच होतं.

आवाज ऐकून काकू खरंच खाली आल्या. मी रडतेय बघून त्यांचा चेहरा पडला. "राहू दे गं," त्या म्हणाल्या, "कितीनं गेली?"

"एकानं वाचली, काकू," मी डोळे पुसत म्हणाले. "पन्नासपैकी एकवीस. वीसला पास."

आणि त्यांना बसायला सांगून मी चहा टाकायला आत गेले.